हाताची ओळख

"गाडी हात ओळखते."

बाबांचं हे वाक्य त्या रस्त्यावर इतकं मुरलं होतं की कुणाच्या घराचं कुलूप अडलं, तरी शेजारचा पुढे होऊन म्हणायचा, "सरक बाजूला, कुलूप हात ओळखतं." बाबा ते ऐकत आणि मिशीतल्या मिशीत हसत. त्यांची कुठलीच वस्तू फार काळ त्यांच्याकडे टिकत नसे, मग वाक्य तरी कसं टिकावं? कुणी शिडी मागितली की शिडी गेली, छत्री मागितली की छत्री गेली. माणसाची जीभच अशी मऊ, की 'नाही' हा शब्द तिच्यावर टेकायचा आणि घसरून पडायचा.

राहिली होती ती एक पिकअप. एकेकाळी निळी, पुढे उन्हाने तिचा रंग असा काही पिऊन टाकला की तिला आता निळी म्हणायची ती केवळ जुन्या ओळखीने. मागच्या हौद्याच्या फळ्या तीनदा बदललेल्या. काच वर करायची तर तळवा लावून ढकलायची. चालकाचं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नसे. जी कंपनी ही गाडी बनवायची, ती केव्हाच बंद पडली होती. गाडी मात्र चालत होती.

पिकअप मागायलाही लोक येत. बायकोचा भाऊ येई, त्याचा साडू येई, साडूच्या ओळखीचा कुणी येई. बाबा मुकाट्याने किल्ली हातावर ठेवत. मागणारा चढायचा, किल्ली फिरवायचा. इंजिन घर्र घर्र करायचं, पण पेट काही घ्यायचं नाही. मग बाबा म्हणायचे, "अरे, गाडी हात ओळखते." स्वतः चढायचे, दाराच्या बाजूला जरासे कलून, हात खाली घालून सीट सावरायचे, किल्ली मारायचे. पहिल्या झटक्याला गाडी सुरू. आणि मग काय, मागणाऱ्याचं सामान बाबाच पोहोचवून यायचे. त्यात अख्खा दिवस जायचा. आई म्हणायची, "गाडी वाचली, माणूस गेला."

आई गेल्यावर लेकीने घरामागच्या जागेत रोपवाटिका काढली. टोमॅटो, मिरची, कोबी, झेंडू. ती रोपं वाढवायची आणि बाबा ती शेताशेतावर पोहोचवायचे. लहानपणी स्वतःएवढं ओझं उचलायची, म्हणून बाबांनी तिचं नाव 'मुंगी' ठेवलं होतं. ती शेजारी बसायची, मांडीवर नाजूक रोपांचा ट्रे धरून. गाडी चालवायला ती शिकली होती, पण समोरच्या मिस्त्रीकाकांकडे दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर. बाबांची पिकअप तिने कधी मागितली नाही. सगळे मागतात, आपण तरी मागू नये, एवढंच तिच्या मनात असायचं.

मग बाबा विसरू लागले. आधी लहानसहान. चष्मा बियांच्या डब्यात सापडायचा. एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगायचे आणि तिन्ही वेळा शेवटी हसायचे, म्हणून तीही तिन्ही वेळा हसायची. एके सकाळी मात्र ते टोमॅटोची रोपं घेऊन एकटेच निघाले आणि पोहोचलेच नाहीत. दुपारी ती त्यांना शोधत जुन्या पुलापाशी आली. तीस वर्षांपूर्वी तिथे भाजीबाजार भरायचा. आता तिथे नुसतं मोकळं मैदान होतं आणि मैदानात पिकअप उभी होती. हौद्यातली रोपं उन्हाने माना टाकून पडली होती. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसले होते.

"बाजार अजून उघडला नाही, मुंगे," ते म्हणाले.

"उघडेल. आता घरी जाऊ."

येताना गाडी त्यांनीच चालवली. ती शेजारी बसून 'इकडे वळा', 'आता सरळ' असं सांगत राहिली. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जे सांगितलं, ते बाबांना पुलापाशीच कळलं असावं. अंगणात गाडी लावून, नेहमीसारखी कलून सीट सावरून ते उतरले आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"आता तू चालव."

"तिला माझी ओळख कुठे आहे?"

"होईल. मलाही चार दिवस लागले होते."

पण गाडीला ओळख पटली नाही. लेकीने किल्ली फिरवली, इंजिन घर्र घर्र फिरलं आणि तसंच फिरत राहिलं. ती उतरली, पुन्हा चढली. शेवटी रस्ता ओलांडून मिस्त्रीकाकांना घेऊन आली.

मिस्त्रीकाका बाबांच्याच वयाचे. हाडकुळे, उजव्या अंगठ्याला नख नाही, काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणण्याची सवय. "ही गाडी म्हणजे माझी सवत आहे असं बायको म्हणते," ते म्हणाले. "घरच्या पलंगापेक्षा हिच्याखाली जास्त झोपलोय मी." ब्रेक, क्लच, स्प्रिंगा, सगळं त्यांच्याच हातचं. वायरिंगला मात्र बाबा कुणाला हात लावू देत नसत. ते स्वतः करत. आणि दुरुस्तीनंतर गाडी सुरू करायलाही स्वतःच चढत.

काकांनी प्लग काढला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. "मार किल्ली." ठिणगी पडली नाही. मग त्यांनी दोन वायरींना जोडलेला छोटा बल्ब घेतला आणि एकेका जागी लावून पाहिला.

"बघ, करंट कॉइलपर्यंत येतोय. पुढे जीव सोडतोय."

"मग कॉइल गेली?"

"आधी हिला दोषी धरू. सुटली तर दुसऱ्याला पकडू."

कॉइल बदलली. सुटली. करंटची तोडजोड करणारे पॉइंट बदलले. तेही निर्दोष निघाले. बाबा भिंतीशी स्टुलावर बसून सगळं बघत होते. नातेवाईक आजारी असताना परका माणूस खोलीत बसावा तसे, काहीतरी बोलावंसं वाटत असून काय बोलावं ते न सुचणारे.

"आता डेलको," काका म्हणाले. डेलको म्हणजे ठिणगी प्रत्येक प्लगला वाटून देणारा भाग. एका बुडख्याला वर टोपी, टोपीला जाड वायरींच्या शेंड्या. "हाच आतून मेलाय. नवा मिळतो का बघ. मला वाटत नाही मिळेल."

सुट्या भागांच्या मोठ्या दुकानातल्या पोरसवदा माणसाने कॉम्प्युटरवर दोनदा शोधलं. "ताई, हे मॉडेल यादीतच नाही."

"यादीत नाही, पण माझ्या अंगणात आहे."

"मग अंगणात शोधा," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण मग त्याने एका कागदावर भंगारवाल्यांची नावं लिहून दिली.

ती कपड्यात गुंडाळलेला जुना डेलको पिशवीत घालून हिंडली. एका भंगारात त्याच्यासारखा मिळाला, पण दांडा बोटभर आखूड. दुसऱ्यात दांडा बरोबर, पण टोपीला चाराच्या जागी सहा तोंडं. तिकडे रोपांचं वय होत होतं. रोप ठरल्या दिवशी मातीत गेलं नाही, तर ट्रेमध्येच म्हातारं होतं. ती ओळखीच्यांच्या गाड्या मिनतवाऱ्या करून मागू लागली. ज्यांनी जन्मभर बाबांकडे मागितलं, त्यांच्यापैकी दोघांनी अगदी सहज 'नाही' म्हटलं. नाही म्हणणं इतकं सोपं असतं, याचं तिला नवल वाटलं.

पण रोपं हा तिचा खरा घोर नव्हता. रोज संध्याकाळी बाबा फडकं घेऊन पिकअपभोवती फेरी मारत. आरसे पुसत, दिवे पुसत, नंबरच्या पाटीवरची धूळ झटकत. आईचा चेहरा फोटोत दाखवला तरी ते अडखळत, शेजाऱ्याला डॉक्टर समजत. गाडीपाशी मात्र कधी अडखळत नसत. गाडी सुरू झाली नाही तर ती भंगारात देणं भाग होतं. आणि ती गेली, तर बाबांना या जगात ओळखीचं काय उरणार होतं?

शेवटी नदीपलीकडच्या भंगारमावशींकडे डेलको मिळाला. मावशी ऐंशीच्या घरातल्या, लोखंडाच्या ढिगांमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी जुना डेलको वितीने मोजला, उठल्या, आणि तिसऱ्या ढिगातून कोंबडीखालून अंडं काढावं तसा तसाच दुसरा काढून दिला.

"तुझा बाप कसा आहे?"

"विसरतात सगळं."

"मला विसरला असेल. मी नाही विसरले. एकदा आला होता, तू परकरात होतीस तेव्हा. जुन्या टेबललॅम्पचं बटण मागत होता. एवढंसं. म्हटलं, कशाला रे? तर म्हणतो, 'मावशी, मला एक नाही हवंय.' म्हटलं, 'नाही' भंगारात मिळत नाही, बाबा. बटण आहे, ते ने." मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. "वेडा. आणि हे बघ, नाहीच झाली गाडी चालू, तर माझ्याकडेच आण. मी लगेच तोडणार नाही. ठेवीन थोडे दिवस."

सरळ मनाने केलेली ती दया तिला वाटभर टोचत राहिली.

काकांनी डेलको बसवला. किल्ली फिरवली. ठिणगी नाही. त्यांनी पुन्हा सगळं तपासलं आणि मग बोनेटला टेकून कितीतरी वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"माझी विद्या इथे संपली, पोरी," ते म्हणाले. "मावशींना निरोप दे."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून आले होते.

"काय झालं?"

"चालू होत नाही, बाबा."

"बघू."

ते चढले. दाराच्या बाजूला जरासे कलले, हात खाली गेला, वर आला. किल्ली फिरवली. पिकअप पहिल्या झटक्याला सुरू झाली, आणि इतक्या दिवसांचा धूर एकदम अंगणभर झाला.

"गाडी हात ओळखते," बाबा मिस्त्रीकाकांना म्हणाले, एखाद्या नव्या माणसाला समजावून सांगावं तसं.

"ओळखते, मालक," काका म्हणाले.

बाबांनी गाडी बंद केली, पुन्हा सीट सावरली आणि उतरून घरात गेले. लेक चढली. किल्ली फिरवली. घर्र घर्र. मग तिने डोळे मिटले आणि जन्मभर शेजारी बसून जे पाहिलं होतं ते जसंच्या तसं केलं. कलली. हात खाली घातला. सीट सरकवायचा दांडा हाताला लागला. तो गंजून घट्ट झालेला होता, कित्येक वर्षांत हललाच नसावा. म्हणजे बाबा सीट सावरत नव्हते. तिची बोटं आणखी आत गेली. दांड्याच्या मागे, पत्र्याला चिकटून, एक बटण होतं. एवढंसं. वापरून वापरून गारगोटीसारखं गुळगुळीत झालेलं.

तिने ते दाबलं. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

'मावशी, मला एक नाही हवंय.' बसल्या जागी तिला सगळं कळलं. जिभेला जे जमत नव्हतं, ते बाबांनी गाडीला शिकवलं होतं.

काकांनी बटणापासून वायर धरून माग काढला. ती इंजिनापाशी येऊन वायरींच्या मूळ जुडग्यात शिरली होती, त्याच रंगाची, त्याच काळ्या पट्टीत गुंडाळलेली, गाठ कुठे ते नखालाही लागू नये अशी. बटण एकदा दाबलं की ठिणगीचा करंट गुपचूप गाडीच्या पत्र्यात उतरून जायचा, पुन्हा दाबलं की ठिणगी परत.

"मी हे जुडगं फोडलंच नाही," काका म्हणाले. "म्हटलं, कंपनीचं काम आहे, इतकं सुबक, कशाला हात लावा. आणि कंपनी म्हणजे निघाला तुझा बाप." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी बाहीने डोळे टिपले. "तीस वर्षं मला बनवलं त्याने. थांब, काढूनच टाकतो. एका कात्रीचं काम आहे."

बाबा पुन्हा बाहेर आले होते. फडकं घेऊन आरसा पुसत होते.

"राहू द्या, काका," ती म्हणाली.

"मग रोज चालू कशी करणार?"

"माझ्याकडून होणारच नाही ती चालू."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आरसा पुसणाऱ्या बाबांकडे. कात्री परत डब्यात टाकली.

तरी तिने त्या संध्याकाळी विचारून पाहिलं, "बाबा, सीटखाली काय आहे हो?"

"स्प्रिंगा."

"आणखी?"

बाबांनी खरोखर आठवून पाहिलं. "तुझी आई शेंगांची टरफलं टाकायची. ती असतील."

त्यांना ठाऊक नव्हतं. डोक्याने ती गोष्ट केव्हाच टाकून दिली होती. हाताने तेवढी सांभाळून ठेवली होती, घरच्या जुन्या नोकराने धन्याचं गुपित सांभाळावं तशी.

मग रोज सकाळी एक खेळ होऊ लागला. ती ट्रे भरायची, चढायची, किल्ली फिरवायची. घर्र घर्र. समोरून काका ओरडायचे, "काय गं, आजही नाही?"

"नाही ना, काका."

"मग बोलव मालकांना."

बाबा चहाचा कप ठेवून यायचे. येताना बोलायचे, "इतके दिवस झाले, अजून जमत नाही तुला. हात हलका ठेव म्हणून किती सांगायचं?" ती मान खाली घालून बोलणी खायची. तेवढी बोलणी खाल्ली की तिचा दिवस बरा जायचा. बाबा चढायचे, कलायचे, गाडी सुरू करून उतरायचे, आणि त्या उतरण्यात अजूनही एक तोरा असायचा. संध्याकाळी परत आल्यावर गाडी बंद करून ती हळूच बटण दाबायची. उद्याचं 'नाही' आजच लावून ठेवायची.

असे बरेच महिने गेले. एकेक गोष्ट बाबांच्या हातून सुटत गेली. सदऱ्याची बटणं चुकू लागली. घास तोंडापाशी नेऊन ते थांबायचे. 'मुंगे' ही हाक गेली. काही दिवस ते तिला आईच्या नावाने हाक मारत. मग तीही गेली आणि ते तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले. पण सकाळी गाडीत बसले की हात आपसूक खाली जायचा. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवताना ती त्या हाताकडे बघायची. सुरकुतलेला, पालथा, चादरीवर निजलेला. मनात म्हणायची, तू तेवढा राहा.

मग ती सकाळ आली. ट्रे भरून झाले होते. काकांनी समोरून विचारलं, तिने ठरलेलं उत्तर दिलं. बाबा आले. आज काही बोलले नाहीत. चढले, नीट बसले, किल्ली फिरवली.

घर्र घर्र.

ती दारापाशी उभी होती. त्यांचा दाराकडचा हात गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. हात हलला नाही.

"बाबा, जरा सीट सावरा ना," ती म्हणाली.

"सीट बरी आहे."

तिसऱ्यांदा बॅटरी दमल्यासारखी फिरली. बाबा स्टिअरिंगकडे बघत होते. आपल्याला कुणी ओळख दाखवली, पण हा माणूस कोण ते आठवेना, अशा वेळी माणूस जसा संकोचाने बघतो, तसे. तिच्याने ते बघवेना. ती वाकली, त्यांच्या पायामागून हात सीटखाली घातला आणि बटण दाबलं.

"आता मारा."

गाडी सुरू झाली. बाबांनी इंजिनाकडे लक्ष दिलं नाही. सीटखालून बाहेर येणाऱ्या तिच्या हाताकडे ते बघत राहिले. बोटांना धूळ लागली होती. बराच वेळ बघितलं.

"गाडी हात ओळखते," ते सावकाश म्हणाले. मग अदबीने, परक्या घरात बोलावं तसं म्हणाले, "तुमची दिसते गाडी, बाई. मी चुकून बसलो."

"बाबा—"

"माफ करा हं."

ते खाली उतरले. दाराला जिथे हात लागला होता ती जागा त्यांनी बाहीने पुसली. मग परक्याच्या गाडीचं लावावं तसं ते दार हळूच लावलं. ते दार आपटल्याशिवाय लागत नसे. ते उघडंच राहिलं.

बाबा फाटकातून रस्त्यावर आले. काका आपल्या दारात उभे होते, हातात पाना तसाच.

"काय मालक, झाली का चालू?"

"झाली," बाबा चालता चालता म्हणाले. "त्यांची होती."

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते रस्त्याच्या कडेकडेने चालू लागले. आता कुणाचं काही पोहोचवायचं नव्हतं, तसे सावकाश. काकांनी पाना उंबऱ्यावर ठेवला आणि चार पावलं अंतर राखून त्यांच्या मागोमाग निघाले. ती चालू गाडीच्या उघड्या दाराला धरून उभी राहिली आणि पाठीवर बांधलेले ते दोन हात वळणापाशी दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली.